फुकटची बोरं

आमच्या परसात बोरीचं झाड आहे. कोणी लावलं, असं विचारू नका. आंबा लावतात, पेरू लावतात, बोरी येते. कुठल्या तरी जिवानं कुठे तरी बोर खाल्लेलं असतं, भलतीकडेच बी टाकलेली असते आणि "अरे, हे काय उगवलं?" असं आपण म्हणेपर्यंत काटे सदऱ्याच्या बाहीत शिरलेले असतात. आमच्या घराच्या खरेदीखतात विहीर आहे, शेजारच्या भिंतीचा वाद आहे, बोळातून येण्याजाण्याचा हक्क आहे. बोरीचा उल्लेख नाही. पण पत्ता सांगायची वेळ आली की सगळी भिस्त तिच्यावर. बऱ्हाणपूर हे दरवाज्यांचं शहर. शनवारा, इतवारा, शिकारपुरा असे दरवाजे विचारत माणूस कसाबसा आमच्या गल्लीच्या तोंडाशी येतो आणि तिथून पुढे रिक्षावाला त्यालाच विचारतो, "वो बेरीवाला मकान?"

इकडे हिंदीत एक म्हण आहे. ज्याच्या घरी बोरी, त्याच्या घरी दगड येणारच. म्हण खरी लग्नाच्या मुलींवरून आहे. मुलगी आहे तर मागणी येणार, असा तिचा सभ्य अर्थ. आमच्याकडे लग्नाची मुलगी नाही, नुसती बोरी आहे. त्यामुळे दगड येतात ते अर्थाविना येतात. दोन कौलं, एक पाण्याची टाकी आणि माझं डोकं एकदा, असा आजवरचा हिशेब. एक वास्तुशास्त्रवाले गृहस्थ घरी आले होते. म्हणाले, काटेरी झाड परसात असलं की घरात भांडणं होतात, काढून टाका. ही आतून म्हणाली, "आधीच्या घरात झाड नव्हतं, तिथे आम्ही कशानं भांडत होतो?" आम्ही घरात मराठी बोलतो, दारात हिंदी आणि भांडणात दोन्ही. त्या दिवशी दोन्ही झालं. झाड राहिलं. संस्कृतात बोरीला बदरी म्हणतात आणि बदरीनाथाचं नाव तिच्यावरून पडलं, ही माहिती मी त्या भांडणात मध्येच घातली होती. तिचा उपयोग झाला नाही, पण सांगून ठेवतो.

डिसेंबर सरत आला की झाड पिवळं पडायला लागतं आणि आमच्या घरात चिंता सुरू होते. बोरं हवीत कोणाला? संक्रांतीला सुगडात बोरं लागतात हे खरं, पण सुगडं पाच आणि एकेकात बोरं चार. वीस बोरांनी टोपली हलत नाही. बोरन्हाणावर मी बरीच आशा ठेवून होतो. बाळाला पाटावर बसवायचं, हलव्याचे दागिने घालायचे आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओतायचे. ओतायचे म्हटल्यावर माणसाला वाटतं, दोन-चार किलो तरी जातील. पण आमच्या ओळखीत बोरन्हाणाच्या वयाची बाळं तीन. पहिल्याच्या आजीनं सांगितलं, ओंजळभर पुरे, पोराला लागतं. दुसऱ्याच्या आईनं बोरांच्या जागी चॉकलेटं टाकली. तिसरं बाळ वर्षाचं होईपर्यंत आमची बोरं थांबणार नव्हती.

नात्यात वाटावीत, तर आमचे एक पाहुणे जळगावचे. त्यांना पिशवी दिली. त्यांनी ती हातात तोलली, आत डोकावले आणि म्हणाले, "आमच्याकडे मेहरूणची येतात." हे 'येतात' त्यांनी असं उच्चारलं, जशी काही मेहरूणची बोरं चालत येऊन दाराची कडी वाजवतात. मेहरूणचा तोरा मला मान्य आहे. ते बोर खरंच चांगलं. लहान, पातळ सालीचं आणि गोड. आमचं बोर गावरान. पहिला घास आंबट, दुसरा तुरट आणि तिसऱ्या घासाला बी. पण निदान ते बोर आहे. आजकाल हातगाडीवर ते ॲपल बोर मिळतं. दिसायला सफरचंद, चवीला काकडी आणि नावापुरतं बोर. लोक ते पैसे मोजून नेतात आणि आमचं फुकट देऊ केलं की म्हणतात, "भाईसाब, खांसी हो जाती है."

शेवटी रावेरच्या मावशीला फोन केला. मावशीचं वय ब्याऐंशी, तिचा सल्ला नेहमी एका शब्दाचा असतो. म्हणाली, "वाळव."

वाळव म्हटल्याबरोबर मला बोरकूट आठवलं. शाळेच्या फाटकाबाहेर एक म्हातारी बसायची, वहीच्या कागदाच्या पुडीत चमचाभर बोरकूट द्यायची. त्या पुडीत बोर किती, मीठ किती आणि रस्त्याची धूळ किती, याचा शोध आम्ही घेतला नाही. तळहातावर घेऊन चाटायचं आणि उरलेलं मधल्या सुट्टीनंतर भूगोलात संपवायचं. सातपुड्याच्या रांगा मला अजूनही आंबट-खारट आठवतात. तेव्हा ठरलं, बोरकूट करायचं. पाच किलो बोरं गच्चीवर बाजेवर पसरली. आठ-दहा दिवसांत ती सुरकुतून मावशीसारखी दिसायला लागली. मग माळ्यावरून लोखंडी खलबत्ता काढला आणि एका रविवारी कुटायला बसलो.

ज्या शहरात पॉवरलूमची खडखड रात्रंदिवस चालते आणि कोणाची झोप मोडत नाही, त्या शहरात माझ्या खलबत्त्याची तक्रार आली. शेजारच्या भाभी म्हणाल्या, लूमला ताल असतो, तुमच्या कुटण्याला नाही. तेही सोसलं असतं. पण निम्मं कुटून चाळणीत घेतल्यावर माझ्या लक्षात आलं, की माल सगळाच शाकाहारी नव्हता. बोरात अळी पडते. फळमाशी कोवळ्या बोरात अंडं घालते, बोर वरून राजबिंडं दिसतं आणि आत भाडेकरू असतो. मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "फोडून नाही पाहिलीस?" मी म्हणालो, पाच किलो बोरं एकेक फोडून? मावशी म्हणाली, "शबरीनं एकेक चाखली होती." आता वाल्मीकींच्या रामायणात शबरी आहे, उष्ट्या बोरांची गोष्ट नाही, ती मागाहून आली, हे मी कुठे तरी वाचलं होतं. पण ब्याऐंशी वर्षांच्या बाईशी संदर्भग्रंथ काढून बोलू नये. फोन ठेवला. बोरकूट कचऱ्यात टाकलं आणि झाडाकडे पाहिलं. झाडानं तेवढ्यात आणखी पाच किलो तयार ठेवली होती.

आता मावशीनं दुसरा शब्द सांगितला, "पोळी." कोकणात आंबापोळी होते, फणसपोळी होते, तशी ही बोराची पोळी. शेजारच्या भाभी म्हणाल्या, पोळी कसली, हे तर बेर का पापड. आमच्या चिरंजिवांनी त्याला जेली म्हटलं. वस्तू अजून झाडावर होती आणि तिची तीन नावं ठेवून झाली होती.

कृती सांगतो, कारण या लेखात उपयोगाचं असं तेवढंच आहे. पिकून तांबूस झालेली बोरं घ्यायची, एकेक फोडून पाहायची. आमच्या पाच किलोंतली चार उरली. बुडतील इतक्या पाण्यात ती शिजवायची. साल तडकली आणि बोट लावल्यावर गर सरकला की उतरवायची, गार करायची आणि चाळणीवर घासून गर काढायचा. इथे मी हुशारी केली. चाळणीवर हात दुखतात म्हणून पुरणयंत्र घेतलं. पुरणयंत्राच्या कल्पनेत डाळ असते. त्याला बी नावाचा प्रकार माहीत नाही. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या, तिसऱ्या फेरीला एक बी जाळी आणि पात्याच्या मध्ये अशी बसली, की दांडा ना पुढे ना मागे. मी जोर केला. यंत्राचा पाय टेबलावरून सुटला आणि बोराचा गर भिंतीवरच्या कॅलेंडरवर पडला, नेमका संकष्टीच्या तारखेवर. पुढे चाळणच.

हा गर हाताला फार वेगळा लागतो. आंब्याचा रस वाहतो. बोराचा गर पिठाळ, कुळथाच्या पिठल्यासारखा, जिथे टाकाल तिथे बसून राहणारा. कढईत गरापेक्षा जरा कमी गूळ घालून ढवळत राहायचं. आधी तो पातळ होतो आणि माणूस घाबरतो. मग फुगे यायला लागतात. फुगा मोठा होतो, पप् करून फुटतो आणि मनगटावर एक थेंब टाकतो. असे माझ्या हातावर सात डाग आहेत. कढईचा तळ दिसायला लागला, गर उलथन्याबरोबर गोळा होऊन येऊ लागला की काळं मीठ आणि जिरेपूड घालून उतरवायचं आणि तुपाचा हात फिरवलेल्या ताटात पसरायचं. किती जाड, हा सगळा प्रश्न. मी पहिलं ताट ऐसपैस जाड थापलं. वरून वाळलं, आत ओल राहिली, चौथ्या दिवशी पांढरी बुरशी. गूळ पाणी धरून ठेवतो म्हणून बुरशीला जागा मिळत नाही, पण त्यालाही मर्यादा असते. माझा थर थालीपिठाएवढा होता. दुसरं ताट पातळ केलं, त्याचा खरोखरच भाभी म्हणत होत्या तसा पापड झाला. तिसरं ताट धिरड्याएवढं जमलं आणि मग ताटं गच्चीवर गेली.

जानेवारीतलं बऱ्हाणपूरचं ऊन वाळवणाला फार चांगलं. कोरडं, स्वच्छ, दहाला येतं ते चारपर्यंत हलत नाही. एक अडचण, ते ऊन सगळ्यांसाठी असतं. खारी असतात, बुलबुल असतात, कावळे असतात, मुंग्या असतात, पतंगाच्या मांज्यामागे गच्च्या पालथ्या घालणारी पोरं असतात. पोळी करणं हे दोन तासांचं काम आणि पोळी राखणं हे चार दिवसांचं. मलमलीचं फडकं झाकलं, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, बाजेचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केले आणि खुर्ची टाकून बसलो.

आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर असीरगड आहे. दख्खनचा दरवाजा म्हणायचे त्याला. अकबराला तो घ्यायला 1600 सालातले बहुतेक सगळे महिने लागले. 1601च्या जानेवारीत गड हाती आला, आणि तोही लढून कमी, आतली माणसं पैशानं फोडून जास्त, असं सांगतात. आमची गच्ची खारींनी पहिल्याच दुपारी घेतली. मी चहा प्यायला खाली उतरलो, तेवढ्यात. फडक्याखाली शिरून त्यांनी एका ताटाची कड कुरतडली होती, फार व्यवस्थित, पोस्टाच्या तिकिटासारखी.

दुसऱ्या दिवसापासून मात्र चमत्कार सुरू झाला. मी खुर्ची सोडत नव्हतो, एकही खार जवळ येत नव्हती, आणि तरी ताटं रोज आत आत सरकत होती. ही संध्याकाळी ताटं आत घेताना बघायची आणि काही बोलायची नाही. कड आधी वाळते, मध्य ओला राहतो, हे खरं. ओला मध्य वाळेपर्यंत कड कडक होऊन वाया जाईल, ती वेळीच काढलेली बरी, असा माझा शुद्ध तांत्रिक विचार होता. तिसऱ्या दिवशी हिनं विचारलं, "अहो, त्या खारीला चष्मा आहे का?" असीरगड कसा पडला, हे मला नीट कळलं ते तेव्हा.

चौथ्या दिवशी पोळी उलटली, पाचव्या दिवशी सोडवली. ताटावरून ती सरसर सुटते तो आवाज ऐकण्यासारखा असतो, जुन्या पुठ्ठ्यावरून कागद सोलल्यासारखा. रंग गडद, तपकिरी-लाल. उजेडाकडे धरली की कडेला चहासारखी दिसते. दुमडली तर मोडत नाही, तोंडात घातली तर आधी गूळ, मग मीठ आणि मग सावकाश, जबड्याच्या मागे, बोर. शाळेचं फाटक आठवलं. हिला आठवलं नाही. तिची शाळा मुलींची होती आणि तिथे म्हणे चिंचेच्या गोळ्या मिळायच्या.

मग वाटप. खाण्यापिण्याची भेट देताना या शहराचा इतिहास ध्यानात ठेवावा. 1615 साली इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो बऱ्हाणपुरात आला. जहांगीराचा मुलगा परवेझ तेव्हा इथे होता. रोनं त्याला भेटीदाखल दारूच्या बाटल्यांची पेटी दिली. शहजाद्यानं ती इतकी मनावर घेतली, की ठरलेली पुढची भेट झालीच नाही. तसं रोनंच लिहून ठेवलं आहे. आमच्या पोळीनं उलटं केलं. शेजारच्या दादाजींना तुकडा दिला आणि त्यांची कवळी त्यात रुतली. भेट लांबतच गेली, कारण त्यांना बोलता येईना आणि आम्हाला उठता येईना.

गल्लीत पोळीला फारसा उठाव नव्हता, हे कबूल करतो. इथे माणसाच्या जिभेला मावा जिलबीची सवय. काळपट, जाड, तुपात तळून पाकातून काढलेली, हातात येते तीच गरम. नाही तर दराबा, रवा-तूप-साखरेचा, इतका हलका की खाल्ल्यावर शंका येते, खाल्ला की नाही. अशा गावात पाच दिवस वाळवलेली आणि पाच मिनिटं चावायची वस्तू कोण घेणार? एक केळीवाले बागाईतदार आहेत, त्यांनी तर माझी कीवच केली. "जिल्हाभर केळी आणि तुम्ही बोरं कसली वाळवता?" मी त्यांना वसईची सुकेळी सांगितली, तिकडे राजेळी केळं सोलून उन्हात वाळवतात, मधासारखं होतं. ते म्हणाले, "वाळवायला वेळ कोणाला? आमची तर ट्रकमध्येच पिकतात."

उरलेली पुण्याला पुतण्याकडे पाठवली आणि तिथे तिचं नशीब उघडलं. आमच्या गावाचं हे असंच आहे. मुमताजमहल 1631 साली इथे गेली, तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात सहा महिने होती, आणि ताजमहाल झाला आग्र्याला. (बऱ्हाणपूरकर कुठल्याही विषयावरून मुमताजपर्यंत येतोच, मी बोरावरून आलो, एवढं समजून घ्या.) जिलबी इथली, पण तिच्यासाठी रांगा लागतात मुंबईत, रमजानच्या रात्री, बऱ्हाणपूरचं नाव रंगवलेल्या पाटीखाली. तशी आमची पोळी. पुतण्यानं तिच्या पट्ट्या कापल्या, गुंडाळल्या, सुतळीनं बांधल्या, फोटो काढला आणि मित्रांना सांगितलं, ही काकांची हँडमेड बेरी लेदर. इंग्रजीत या पदार्थाला फ्रूट लेदर म्हणतात, असं त्यानं मला फोनवर समजावलं. मी मावशीला सांगितलं, तिकडे तुझ्या पोळीला लेदर म्हणतात. तिला लेदर समजावून सांगावं लागलं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "एवढं शिकवलं पोराला, आणि खायच्या वस्तूला चामडं म्हणतो?"

त्याच्या मित्रांनी भाव विचारला म्हणून मी प्रथमच हिशेब मांडला. बोरं फुकट. गूळ दीड किलो. तूप. गॅस, बिघडलेल्या दोन ताटांसकट. पुरणयंत्र दुरुस्ती. नवं कॅलेंडर. मलमल. हातावर लावायचं मलम. हाती आली पोळी दोन किलोंना थोडी कमी, त्यातून खारीचा वाटा वजा. माझी राखणीची मजुरी धरली नाही, तरी भाव काजूकतलीच्या वर गेला. पुतण्या म्हणाला, "काका, याच भावात विकू." ही म्हणाली, झाड मुळासकट तोडा.

मी मध्यम मार्ग काढला. मे महिन्यात झाड चांगलं छाटलं, अगदी बोडकं केलं. दगड मारायलासुद्धा काही ठेवलं नाही. बोरीला नव्या फुटीवर फळ येतं आणि म्हणून जाणते बागाईतदार ती उन्हाळ्यात मुद्दाम छाटतात, हे मला पावसाळ्यानंतर कळलं. यंदा फांद्या जमिनीला टेकल्या आहेत.

तेव्हा संक्रांतीच्या आधी या. रेल्वेनं आलात तर स्टेशन लालबागला, गावापासून जरा लांब आहे. रिक्षावाल्याला बेरीवाला मकान सांगा. बोरं हवी तितकी न्या, पिशवी आपली आणा. आणि दगड मारायचाच असेल तर आधी हाक मारा, मी वर गच्चीत असतो.